भांड्यावरचं नाव



ज्याच्या दारात मांडव आणि ज्याच्या खिशाला हात, तो स्वागताध्यक्ष, हे मला मंडळींनी आधीच समजावलं आहे. साहित्याशी माझा संबंध विचाराल, तर मी भांडीवाला. चाळीस वर्षं बाजारात दुकान आहे, आणि भांड्यांवर नावं घालून देतो. तरी दोन शब्द बोलायचं धाडस करतो, कारण कादंबरीतल्या माणसांचा आणि त्यांच्या नात्यांचा नकाशा हा तुमचा विषय माझ्या धंद्याला अगदी खेटून आहे. लग्नसराईत आमच्या गल्ल्यापुढे दुसरं काय मांडलेलं असतं? घागरीवर 'मामाकडून', परातीवर 'आत्याकडून'. कोण कुणावर रुसलंय ते मला नवरीच्या आईआधी कळतं, कारण ऐन वेळी कुणीतरी घागरीवरून वाटीवर आलेलं असतं!

ज्यांच्या कादंबरीवर आज दिवसभर बोलायचं आहे, ते हरिभाऊ आपटे १८६४ साली या पारोळ्यात जन्मले. वाढले मुंबई-पुण्यात, त्यामुळे आम्ही फार हक्क सांगत नाही. जन्म तेवढा आमचा. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातूनच 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः वाचकांपुढे आली. पुस्तक झालं १८९३ मध्ये. लिहायला घेतली तेव्हा हरिभाऊ जेमतेम सव्विशीचे. त्या वयाचा पुरुष यमू नावाच्या बाईच्या तोंडून 'मी' म्हणत तिचा सगळा जन्म सांगतो, याचं मला अजून नवल वाटतं.

परवा आमच्या कार्यकर्त्या मुलांनी फळ्यावर या कादंबरीचा नकाशा काढला. मध्ये यमू, भोवती वर्तुळं, वर्तुळांना बाण. एका बाणावर 'भाऊ', एकावर 'नवरा'. नकाशा देखणा होता, पण माझ्या दुकानदारी नजरेला एक गोष्ट खटकली. फळ्यावरचा बाण एकदा काढला की तसाच राहतो. कादंबरीत शब्द तोच राहतो आणि त्याच्या आतलं माणूस बदलतं. लहानपणी भांडणारा दादा पुढे यमूचा पाठीराखा होतो, पण हाक 'दादा'च. नवऱ्याचं तर नावच घ्यायचं नाही, अशी त्या काळची रीत. 'इकडून' आणि 'स्वारी' एवढ्यावर संसार चालायचा. पण लग्न होऊन आलेल्या पोरीचं 'इकडून' वेगळं, आणि लिहू-वाचू लागलेल्या, मुंबईच्या बिऱ्हाडात जरा मोकळी झालेल्या यमूचं 'इकडून' वेगळं. आधी त्यात धाक होता. मग लाज आली, आणि शेवटी हक्क. हे फळ्यावर कसं दाखवणार, ते तुम्ही शिक्षक मंडळींनी सांगावं.

मला सगळ्यांत लागले ते शंकरमामंजी. 'मामंजी' म्हणजे सासऱ्याच्या मानाचं संबोधन. नवरा गेल्यावर यमूचं केशवपन जबरदस्तीनं करवणारा हाच माणूस. आणि ते सगळं सोसून झाल्यावर, आपली कहाणी आपण सांगतानासुद्धा, ती त्याला 'शंकरमामंजी'च म्हणते. मानाचा तो शब्द काही सुटत नाही. तिथं मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी दुकान उघडायला उशीर झाला.

दुर्गीला मात्र त्या फळ्यावर एका कोपऱ्यात टाकलं होतं, ते मला पटलं नाही. ती यमूची बाळपणची मैत्रीण. सासू, मामंजी, नवरा हे सगळे यमूला वडीलधाऱ्यांनी नेमून दिलेले. दुर्गी तिची तिनं मिळवलेली. दोघींमध्ये नात्याचा शब्द नाही, नुसतं एकेरी नाव. नशिबी आलेल्या नवऱ्यापायी दुर्गीचे झालेले हाल वाचताना यमूचे बरे दिवससुद्धा किती पातळ जमिनीवर उभे आहेत ते कळतं. माझ्या हातात खडू दिलात, तर मी तिची रेघ यमूच्या रेघेला लागूनच ओढीन.

मागे एक बाई दुकानात पितळी डबा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "यावरचं सासरचं नाव काढता येईल का?" मी घासून दिलं. नाव गेलं, पण तेवढी जागा जरा खोलगट राहिली. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, पैसे दिले आणि गेल्या. दुसरं नाव घालायला काही त्यांनी सांगितलं नाही.

असो. माझ्या माईकची वेळ संपत आली आहे आणि मागं वांगी भाजल्याचा वास सुटला आहे. जेवायला भरीत-पुरी आहे. ठेचा मागून घ्या, कुणी आपणहून वाढणार नाही. प्रत्येक पाहुण्याला आमच्या दुकानातला एक पेला मिळेल. त्यावर तुमचं नाव घातलं आहे. 'श्री.' नाही, 'सौ.' नाही, आणि कुणाकडून तेही नाही. काना-मात्रा चुकली असेल, तर आजच सांगा. मशीन मी बरोबर आणलंय.