रेडिओने दिलं तेवढं अजून आहे



मघाशी दोघातिघांनी विचारलं, "गाणं ऐकणं अजून चालू आहे ना?" चालू आहे, पण कान आता सत्तरीचे झालेत.

तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. वयाबरोबर वरचे, बारीक आवाज आधी जातात. माझ्या तपासणीच्या आलेखात रेषा २,०००पर्यंत बरी आहे, पुढे घसरते. म्हणून डग्ग्याचा घुमारा येतो, पण तबल्याच्या चाटीची धार बोथट वाटते. तानपुऱ्याची जवारी फिकी पडते. 'स', 'श' निसटतात, शब्द कळत नाहीत.

मग आपण आवाज वाढवतो. त्याने खर्जही फुगतो, घरचे वैतागतात आणि मोठा आवाज आपल्यालाच टोचतो. शेवटी 'नकोच ते' म्हणून यंत्रावर कापड पडतं. मला खरी भीती याची वाटते.

मी साधे उपाय केले. स्पीकर कानाच्या उंचीला आणले, खुर्ची पाच-सहा फुटांवर घेतली. उघड्या फरशीवर सतरंजी घातली, म्हणजे घुमणं कमी होतं. ट्रेबल किंचित वर, बास जरा खाली. श्रवणयंत्र मुख्यतः बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेलं असतं. तानपुऱ्याचा अखंड सूर त्याला शिट्टी वाटू शकतो. म्हणून ऑडिओलॉजिस्टकडून त्यात संगीताचा वेगळा प्रोग्रॅम बसवून घेतला.

आणि एक आठवा. शाळेच्या दिवसांत आपण गाणं ऐकलं ते मिडियम वेव्हच्या रेडिओवर. त्यातून ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं येतच नसे. शिवाय खरखर! तरी भीमसेनजी, कुमारजी आपल्याला तिथेच भेटले. रागगायनातले मूळ स्वर बहुतेक १,००० हर्ट्झच्या आतलेच असतात. मींड, लय, समेवर येणं, हे सगळं अजून पोचतं. उरलेलं पन्नास वर्षांची ओळख भरून काढते.

तेव्हा गड्यांनो, घरी गेल्यावर कान तपासून घ्या. यंत्र लागलं तर ते चष्म्यासारखंच समजा, लपवू नका. आणि कापड काढून एखादी जुनी, पाठ असलेली बंदिश लावा. सोबत कुणी असलं तर उत्तमच.