वाढदिवसाची भेट : ओझे नको, दान हवे
(वर्षावास समारोपाच्या कार्यक्रमात संस्थेच्या वतीने केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आज एका घरगुती विषयावर चार शब्द मांडणार आहोत. विषय आहे मुलांचे वाढदिवस आणि त्यानिमित्त द्यावयाच्या भेटवस्तू. हा काय भाषणाचा विषय झाला, असे कोणाला वाटेल. परंतु समाजातील विषमता नेहमीच मोठ्या दरवाजाने येते असे नाही. कधी कधी ती रंगीत कागदात गुंडाळूनही घरात येते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा घेऊन आपण जुन्या रूढींचे जोखड फेकून देण्याचा निर्धार केला. लग्नातील हुंडा, मानपान, देण्याघेण्यावरून होणारे रुसवेफुगवे यांविरुद्ध आपल्या कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांतून प्रचार केला. लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असे छापण्याची पद्धत पडली. आणि आता तोच आहेर वाढदिवसाच्या वाटेने पुन्हा घरात शिरला आहे. कोणी काय आणले याची नोंद मनात राहते. त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला तेवढ्याच किमतीची वस्तू न्यावी लागते. त्यातच आता येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती 'रिटर्न गिफ्ट' द्यायचे, ही नवी रीत आली आहे. हे दान नव्हे, ही उसनवारी आहे.

साधा हिशेब करून पाहू. एका मुलाला वर्षात दहा वाढदिवसांची बोलावणी आली आणि प्रत्येक वेळी दोनशे रुपयांची वस्तू नेली, तर दोन हजार रुपये झाले. घरात दोन मुले असतील तर चार हजार. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला ही रक्कम जड जाते. रोजंदारीवर जाणाऱ्याला तर ती झेपणारच नाही. मग अशा घरातले मूल काय करते? ते वाढदिवसाला जातच नाही. चाळीच्या त्याच मजल्यावर गाणी वाजत असतात, फुगे लागलेले असतात, आणि हे मूल दाराआड बसून असते. आई म्हणते, 'कोणी विचारलं तर पोट दुखतंय म्हणून सांग.' सकाळी ज्या मुलाने विहारात पंचशील म्हटले, त्याला संध्याकाळी चौथे शील मोडायला आपणच लावतो. बंधू-भगिनींनो, दोष त्या आईचा नाही. तिला तसे बोलायला लावणाऱ्या प्रथेचा आहे, आणि ती प्रथा आपण चालवतो.

याबाबत भगवान बुद्धांची शिकवण स्पष्ट आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाने मित्रांशी कसे वागावे ते सांगितले आहे. दान द्यावे, प्रिय बोलावे, त्यांच्या हिताचे करावे आणि त्यांना आपल्याबरोबरीने वागवावे. दान आणि समानता ही तेथे जोडीने येतात. ज्या देण्यामुळे एक मूल दुसऱ्यापेक्षा खाली बसते, ते देणे धम्माला धरून नाही. दीघजाणू नावाच्या गृहस्थाला उपदेश करताना भगवंतांनी समजीविता सांगितली. तराजू धरणारा जसा दोन्ही पारडी पाहतो, तसे गृहस्थाने मिळकत आणि खर्च पाहून जगावे. फार उधळू नये, फार आखडूही नये. त्यामुळे आम्ही वाढदिवस करू नका असे म्हणत नाही. मुलांचा आनंद आम्हालाही हवाच आहे.

मग भेट कोणती द्यावी? उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे. विद्यार्थी भीमरावांच्या यशाबद्दल भरलेल्या सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र भेट दिले. त्या पुस्तकाचा आपल्या मनावर मोठा परिणाम झाला, असे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले. पुढे त्याच केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून त्यांना शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपट केली. पिता रामजीबाबा तर भीमरावांना पुस्तक हवे असले की लेकींकडून पैसे उसने घेत. प्रसंगी लेकीचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून देत. त्या घराने कर्ज काढले ते पुस्तकासाठी, दिखाव्यासाठी नव्हे. एक पुस्तक योग्य हाती पडले तर काय होते, याचा याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

हा विचार आपल्या समाजाला नवा नाही. अलीकडच्या वर्षांत ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि १४ एप्रिलला जयंतीच्या निमित्ताने हार-फुले, मेणबत्त्यांऐवजी 'एक वही, एक पेन' आणण्याचे आवाहन केले जाते आणि लोक ते मानतात. बाबासाहेबांना वही-पेनाने अभिवादन करता येते, तर आपल्या बाळाचा वाढदिवस तसा का साजरा करता येऊ नये?

संस्थेच्या वतीने आम्ही काही साध्या सूचना करीत आहोत.

पहिली सूचना अशी की, बोलावणे करतानाच 'भेटवस्तू आणू नये' असे स्पष्ट सांगावे. कोणाला काही आणावेसेच वाटले तर एक वही किंवा एक पेन आणावा. तो दाराजवळच्या पेटीत टाकावा आणि त्यावर नाव लिहू नये. कोणी टाकले, कोणी नाही, हे कोणाला कळता कामा नये. या वह्या शाळा सुरू होताना विहारातून गरजू मुलांना द्याव्यात. त्याही जाहीर सभेत नाव पुकारून नव्हे, घरी नेऊन द्याव्यात.

दुसरी सूचना, ज्यांना जमेल त्यांनी एका महिन्यात येणारे सर्व मुलांचे वाढदिवस त्या महिन्याच्या पौर्णिमेला विहारात एकत्र साजरे करावेत. त्रिशरण-पंचशील घ्यावे, मुलांच्या हस्ते मेणबत्ती लावावी, महिला मंडळाने खीर करावी. खर्च वाटून येतो आणि कोणाचा वाढदिवस मोठा, कोणाचा लहान, हा प्रश्नच राहत नाही.

तिसरी सूचना, वाचून झालेली पुस्तके एकमेकांत फिरवावीत. चांगल्या स्थितीतील जुने पुस्तक देण्यात कमीपणा मानू नये. मित्राने स्वतः काढलेले चित्र, स्वतः लिहिलेले चार शब्द, आजोबांनी सांगितलेली एक जातककथा, हीसुद्धा भेटच आहे.

यावर कोणी म्हणेल, मुलांना वेष्टन उघडण्याची हौस असते, त्यांचे मन का मोडावे? त्यांचे मन मोडू नका. आईवडिलांनी आपल्या ऐपतीप्रमाणे एक वस्तू अवश्य द्यावी. गावाहून आजीने विणलेला स्वेटर आणला तर तो परत करू नका, नियमापेक्षा माया मोठी आहे. परंतु वीस वस्तूंच्या ढिगात मुलाला आजीचा स्वेटर दिसतच नाही, हेही लक्षात घ्या.

दुसरी शंका येते ती 'लोक कंजूष म्हणतील' ही. म्हणूनच आमची खरी विनंती नोकरदार, अधिकारी, डॉक्टर, वकील अशा सुस्थितीतील बांधवांना आहे. गरिबाने भेट नको म्हटले तर लोक त्याची परिस्थिती काढतात. ऐपत असणाऱ्याने तेच म्हटले तर त्याचा पायंडा पडतो. सुरुवात तुमच्या घरापासून झाली पाहिजे. तुमच्या दारात हात हलवत आलेले मूल मानाने आत येऊन बसले, तर पुढच्या वेळी कोणत्याही आईला पोटदुखीचे निमित्त शोधावे लागणार नाही.

संस्थेच्या कार्यकारिणीतील सभासद आपापल्या घरी ही पद्धत सुरू करणार आहेत. वह्यांची पेटी विहारात ठेवलेली आहे. ज्यांच्या घरी येत्या महिन्यांत मुलांचे वाढदिवस आहेत, त्यांनी कार्यक्रमानंतर आपली नावे महिला मंडळाकडे द्यावीत, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!