परक्या देशाची निवडणूक

दुसऱ्या देशांतील निवडणुकीकडे बाहेरचे लोक कोणत्या दृष्टीनें पाहतात, या विषयावर आज बोलावयाचें आहे. विषय अफाट आहे. म्हणून मी मुख्यतः एकच निवडणूक घेतों. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या अध्यक्षाची जी निवडणूक १८६४ सालच्या नोव्हेंबरच्या ८ तारखेस झाली, ती. हिचा निकाल लंडन, मँचेस्टर आणि आपली मुंबई या तीन शहरांत अगदीं निरनिराळ्या कारणांसाठीं कान देऊन ऐकला गेला. आणि ऐकणारांना तर त्या निवडणुकींत मत नव्हतें!

तेथील परिस्थिति थोडक्यांत सांगतों. यादवी युद्धाचें चौथें वर्ष चाललें होतें. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडील अकरा संस्थानें फुटून निघालीं होतीं. अध्यक्ष अब्राहम लिंकन पुन्हां उभे होते आणि त्यांच्यासमोर, त्यांनींच सेनापतिपदावरून दूर केलेले जनरल मॅक्लेलन उभे होते. मॅक्लेलन यांच्या पक्षानें शिकागोच्या अधिवेशनांत युद्ध थांबवून तहाची वाट धरावी असा ठराव केला होता. लोक युद्धाला इतके कंटाळले होते कीं, आपण निवडून येण्याचा संभव दिसत नाहीं अशा आशयाचें टिपण लिंकन यांनीं ऑगस्टच्या २३ तारखेस लिहिलें, आणि आंतील मजकूर न दाखवितां त्यावर मंत्र्यांच्या सह्या घेऊन ठेविल्या. दहा दिवसांनीं अटलांटा शहर पडलें आणि वारें फिरलें. लिंकन २१२ विरुद्ध २१ निर्वाचक मतांनीं विजयी झाले.

त्या वेळीं अटलांटिक महासागराखालून तार चालू नव्हती. १८५८ सालीं घातलेली तार कांहीं आठवड्यांतच मुकी झाली होती आणि कायमची तार १८६६ सालीं जोडली गेली. त्यामुळें निकालाची वार्ता आगबोटीनें दहा-बारा दिवसांनीं इंग्लंडांत पोंचली. लंडनच्या वरिष्ठ वर्गांतील पुष्कळांचें मत मात्र वार्तेच्या अगोदरच ठरलेलें होतें. ‘टाइम्स’ पत्रानें लिंकन यांची कुचेष्टा दीर्घकाळ चालविली होती. ग्लॅडस्टनसारख्या मुत्सद्द्यानें १८६२ सालीं न्यूकॅसलच्या भाषणांत, दक्षिणेच्या पुढाऱ्यांनीं एक राष्ट्रच निर्माण केलें आहे, असे उद्गार काढले होते. निकालानंतर ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकानें ३ डिसेंबरच्या अंकांत टेनिएल यांचें एक चित्र छापलें. त्यांत लिंकन हे फिनिक्स पक्षी होऊन आगींतून वर येत आहेत आणि त्या आगींत राज्यघटना, मुद्रणस्वातंत्र्य अशा नांवांचे ओंडके जळत आहेत.

ही टीका अगदींच निराधार होती असें नाहीं. युद्धकाळांत लिंकन यांनीं हेबियस कॉर्पसचा हक्क तहकूब केला होता. परंतु घरांत यादवी पेटली असतांहि अध्यक्षानें वेळच्या वेळीं निवडणूक होऊं दिली आणि ती हरण्याची मनाची तयारी ठेविली, ही त्याहून मोठी गोष्ट चित्रकाराच्या दृष्टीस पडली नाहीं. कां पडली नाहीं? इंग्लंडांत तेव्हां बहुसंख्य प्रौढ पुरुषांस मताचा अधिकार नव्हता. ज्यास शाळेंत सारें मिळून वर्षभरहि जातां आलें नाहीं, अशा लांकूडतोड्यास सामान्य जन राज्याच्या शिरोभागीं बसवितात, हें दृश्य तेथील कुलीनांस सोसवत नव्हतें. लिंकन यांच्यावर हंसतांना ते आपल्याच देशांत उद्यां येऊं पाहणाऱ्या मतदारास हंसत होते, असें मला वाटतें.

तो मतदार मँचेस्टरच्या आसमंतांत होता. ब्रिटनच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसापैकीं तीनचतुर्थांशांहून अधिक कापूस युद्धापूर्वीं अमेरिकेंतून येई. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं आणि लँकेशायर परगण्यांतील गिरण्या बंद पडल्या. १८६२ च्या अखेरीस सुमारें पांच लाख माणसें धर्मादायावर जगत होतीं. लिंकन यांचा पराजय झाला असता तर या लोकांच्या चुली पेटण्याचा संभव अधिक होता. तरीहि ३१ डिसेंबर १८६२ रोजीं मँचेस्टरच्या कामकऱ्यांनीं सभा भरवून लिंकन यांस पाठिंब्याचें पत्र पाठविलें. लिंकन यांनीं १९ जानेवारी १८६३ रोजीं त्यास उत्तर लिहिलें, आणि त्याच हिवाळ्यांत ‘जॉर्ज ग्रिस्वोल्ड’ नांवाचें जहाज न्यूयॉर्कहून या उपाशी परगण्यासाठीं पीठ घेऊन निघालें. ही कथा सांगतांना लँकेशायरचा प्रत्येक मजूर संत होता असें भासविण्याचा मोह होतो. तसें नव्हतें. कांहीं गांवांची सहानुभूति दक्षिणेकडे होती, आणि पोटाच्या आगीपुढें ती असल्यास नवल नाहीं. परंतु मोठ्या संख्येनें लोक उलट बाजूस राहिले, ही गोष्ट उरतेच.

या लोकांचा पुढारी जॉन ब्राइट हा स्वतः रॉचडेलचा गिरणीमालक होता. निवडणुकीपूर्वीं त्यानें लिंकन यांच्या फेरनिवडीस अनुकूल असें पत्र अमेरिकेस पाठविलें. तें तेथील वर्तमानपत्रांत छापून आलें. १४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं लिंकन यांस गोळी लागली, तेव्हां त्यांच्या खिशांत वर्तमानपत्रांचीं कांहीं कात्रणें होतीं. त्यांत ब्राइटच्या या मताचें कात्रण होतें. परक्याच्या अभिप्रायाला मतपेटींत स्थान नसतें. पण ज्याच्याविषयीं तो दिला जातो त्यास तो जवळ बाळगावासा वाटूं शकतो!

‘पंच’नेंहि आपला सूर बदलला. मे महिन्यांत त्या पत्रांत लिंकन यांची क्षमा मागणारी कविता आली. ती टॉम टेलर यांची होती. आणि ज्या नाटकाच्या प्रयोगास लिंकन त्या रात्रीं गेले होते, तें नाटकहि याच टेलर यांचें होतें.

आतां मुंबईकडे वळूं. अमेरिकेचा कापूस बंद झाल्यावर लँकेशायरची नजर खानदेश, वऱ्हाड, गुजराथ इकडे वळली आणि मुंबईंत सोन्याचा पूर आला. शेतकऱ्यांनीं गाड्यांच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्या अशा कथा त्या काळाविषयीं सांगतात. शहरांत तर कंपन्यांवर कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन करण्यासाठीं निघालेल्या बॅक बे कंपनीच्या पांच हजारांच्या शेअरास पन्नास हजारांपर्यंत भाव आला. या सट्ट्याचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद यांचें नांव मुंबईकरांस सांगावयास नको. राजाबाई मनोरा त्यांच्याच देणगीचा.

आतां हिशेब पाहा. मॅक्लेलन निवडून आले तर तह. तह झाला कीं अमेरिकेचा कापूस मोकळा. तो मोकळा झाला कीं मुंबईचा भाव खालीं. म्हणजे फोर्टांतील पेढीवाल्याच्या दृष्टीनें लिंकन यांचाच विजय हवा होता. मात्र गुलामांच्या मुक्ततेसाठीं नव्हे, तर युद्ध लांबावें म्हणून! ज्या मनुष्यासाठीं लँकेशायरच्या मजुरानें उपास काढले, त्याच मनुष्याच्या जयाकडे मुंबईचा सटोडिया आपल्या तिजोरीसाठीं डोळे लावून होता. पुढें ९ एप्रिल १८६५ रोजीं जनरल ली शरण आले, ती वार्ता मुंबईस पोंचली, आणि १ जुलैचे वायद्याचे सौदे फेडण्याची वेळ येतांच मोठमोठीं घराणीं धुळीस मिळालीं.

परंतु आपल्या प्रांतांत अमेरिकेकडे पाहणारी दुसरीहि एक दृष्टि होती. १८७३ सालीं पुण्यास जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकन लोकांस अर्पण केला. आपल्या देशबांधवांनीं शूद्रांच्या दास्यमुक्तीसाठीं त्यांचा कित्ता गिरवावा, ही इच्छाहि तेथेंच व्यक्त केली. जोतीरावांनींहि अमेरिकेंत आपलेंच घर पाहिलें, यांत शंका नाहीं. पण कापसाचा भाव शोधणें निराळें आणि आपल्या घरांतील बंदिवानाची सुटका शोधणें निराळें.

श्रोतेहो, आज वार्ता येण्यास आगबोट लागत नाहीं. २०२४ च्या निवडणुकीच्या वेळीं कमला हॅरिस यांच्या आजोबांच्या गांवीं, तामीळनाडूंतील तुळसेंद्रपुरम् येथें, मंदिरांत प्रार्थना झाल्या. डोनल्ड ट्रम्प विजयी झाले. २०२५ च्या ऑगस्टांत भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात बसली, आणि सप्टेंबरांत एच-वन-बी परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. सुरतेच्या हिरेवाल्यानें किंवा पुण्याच्या ज्या घरांतील मुलगा अमेरिकेस जाण्याच्या तयारींत होता त्या घरानें या निवडणुकीकडे स्वार्थानें पाहिलें, तर त्यांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. नुकसान त्यांचें आहे. मात्र तेथील मतदाराच्या मनांत आपण होतों, असा समज त्यांनीं करून घेऊं नये. त्याच्या मनांत अंड्यांचा भाव आणि घराचें भाडें होतें.

आणखी एक अडचण आहे. तेथें देशभरच्या मतांच्या बेरजेनें अध्यक्ष ठरत नाहीं. संस्थानवार निर्वाचक ठरतात. २०१६ सालीं हिलरी क्लिंटन यांस सुमारें २८ लाख मतें अधिक पडूनहि त्या हरल्या. म्हणून आपल्याकडील वर्तमानपत्रांत देशव्यापी लोकमताचे जे आंकडे मोठ्या टाइपांत येतात, त्यांपेक्षां पेनसिल्व्हानिया, विस्कॉन्सिन, जॉर्जिया अशा चारसहा संस्थानांचे आंकडे वाचावे. तेथील कारखाने, शेती, महागाई यांच्या बातम्या वाचाव्या. त्या आपल्याविषयीं नसतात, म्हणूनच उपयोगी पडतात.

पुढील निवडणूक मंगळवार, ७ नोव्हेंबर २०२८ रोजीं आहे. ज्या अटलांटाच्या पाडावानें १८६४ ची निवडणूक फिरली, तें शहर जॉर्जियांत आहे. तेथील मतदान संध्याकाळीं सात वाजतां बंद होतें. त्या वेळीं मुंबईंत बुधवारचे पहाटेचे साडेपांच वाजलेले असतील.