मठांतील कागदी सोनें

आमच्या वारजे भागांत कांहीं वृद्ध स्त्रिया अद्याप देवासाठीं कापसाचीं गेजवस्त्रें करतात. मूठभर कापूस, पाण्याचें बोट आणि चिमूटभर कुंकू, एवढेंच त्यांचें भांडवल. याच जातीची एक कला युरोपांतील कॅथॉलिक मठांत, विशेषतः फ्रान्समध्यें, सतराव्या-अठराव्या शतकांत बहरली. तिच्याविषयीं आज थोडें बोलणार आहें.

मठवासिनींनीं दारिद्र्याचें व्रत घेतलेलें. संतांच्या अस्थींचे कण आदरानें जतन करावयाचे, तर कोंदण हवें. त्यासाठीं सोनें कोठून आणावें? त्यांनीं सोनेरी कडेच्या कागदाच्या अगदीं अरुंद पट्ट्या कापल्या, पिसाच्या दांड्यावर गुंडाळल्या आणि खळ लावून पुठ्ठ्यावर उभ्या चिकटविल्या. पट्टीची सोनेरी कड तेवढी वर दिसते, आणि चार हातांवरून पाहणारास तें सोन्याच्या तारेचें जाळीकाम वाटतें! मध्यें रेशमाच्या चिंधीवर अस्थिकण, त्याजवळ संताच्या नांवाची इवलीशी चिठी, कोठें मणी, कोठें मेणाचा तुकडा, आणि वर कांच. संताचें नांव असतें. करणारीचें बहुधा नसतें.

ही निव्वळ सोन्याची नक्कल, असें म्हणणें मला पटत नाहीं. एक चौकट भरण्यास शेंकडों गुंडाळ्या लागत. मौनांत चाललेलें तें काम हीच प्रार्थना होती. मात्र वेली-फुलांची दाटी कधीं कधीं इतकी होते कीं डोळा शिणतो, हेंही सांगितलें पाहिजे.

१७९० सालीं फ्रान्समध्यें मठव्रतें कायद्यानें रद्द झालीं. पुढें देवळांतील चांदी टांकसाळींत वितळली. कागद वितळवून कोणास काय मिळणार? त्यामुळेंच अशा कित्येक चौकटी वांचल्या.

आपल्याकडे उलट प्रकार. जुन्या गोव्यांतील सांता मोनिका हा स्त्रियांचा मठ १६०६ सालीं स्थापन झाला. १८३४ च्या पोर्तुगीज हुकुमानें संन्यासी संघ मोडले, तरी तेथील मठवासिनींस मरेपर्यंत राहूं दिलें. शेवटची १८८५ सालीं वारली. त्याच वास्तूंत आज ख्रिस्ती कलेचें संग्रहालय आहे. तेथें चांदी, हस्तिदंत, लांकूड, भरजरी वस्त्रें पाहावयास मिळतात. कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत, वाळवीपुढें, कागदाची काय कथा!

म्हणून वसईस वा गोव्यास कोणाच्या घरीं अशी एखादी कागदी चौकट असेल, तर ती जुनाट म्हणून टाकूं नये. उन्हापासून दूर, कोरड्या भिंतीवर ठेवावी. करणारीचें नांव ठाऊक असल्यास मागील पुठ्ठ्यावर लिहावें. मात्र शिसपेनीनें, कारण शाई झिरपते.