डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

वडापला, शाळेची मुलं ने-आण करायला, बाजाराला भाजी न्यायला दहा-बारा वर्षांच्या बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो गावोगावी अजून पळताहेत. त्या चालवणाऱ्या आणि त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बायकाही आता आहेत. म्हणून आज बोलू या इंजिनाचं चित्र असलेल्या पिवळ्या दिव्याविषयी.

आधी रंग ओळखा. लाल म्हणजे थांबा. तेलाच्या झारीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद करा. ऑइलचा दाब नसताना थोडं अंतर रेटलं तरी इंजिन खोलायची पाळी येते. तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला तरी तेच. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर येतं.

पिवळा म्हणजे लवकर दाखवा. दिवा स्थिर आहे, गाडी नीट ओढतेय, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. पेट्रोलच्या गाडीत तो उघडझाप करू लागला, तर इंजिन मिसफायर होतंय. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तो तापून निकामी होतो आणि खर्च वाढतो. तेव्हा वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा.

गॅरेजात गेल्यावर म्हणा, “आधी स्कॅन करा आणि कोड लिहून द्या.” ज्या गाडीत ओबीडी आहे, तिच्या स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथे स्कॅनर लागतो. पण कोड दुखणं कुठे आहे ते सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते नाही. डिझेल गाडीत पी ०४०१ आला, तर ईजीआरमधून पुरेसा धूर परत फिरत नाही, एवढंच कळतं. व्हॉल्व्ह काजळीने जाम असेल, व्हॅक्युमचा पाइप फाटला असेल, नाहीतर वायर तुटली असेल. तपासणी आणि साफसफाई आधी, नवा व्हॉल्व्ह नंतर.

काही खुणा आपल्यालाही कळतात. काळा धूर आणि ओढ कमी, तर एअर फिल्टर आणि टर्बोचा पाइप बघायला सांगा. थंडीत पहाटे गाडी लवकर सुरू होत नसेल, तर ग्लो प्लग आणि बॅटरी. झटके देत बंद पडत असेल, तर डिझेल फिल्टर चोंदलाय का, त्यात पाणी आहे का, ते पाहा.

जुनी गाडी घेताना एक युक्ती. चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर दोष लपवायला तो काढलेला असू शकतो. कोड पुसूनही दिवा घालवता येतो, म्हणून गाडी चांगली लांब फिरवून पुन्हा स्कॅन करा, मगच इसार द्या.

गाडीत एक वही ठेवा. दिवा कधी लागला, कोड कोणता, काय बदललं, किती पैसे दिले, सगळं लिहा. पुढच्या वेळी तोच पार्ट पुन्हा बदलायला निघाले, तर वही पुढे करता येईल.