भेकराचं रान आपल्या हाती



चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे निघालं,
की रान लागतं.
या रानात भेकर राहतं.
लालसर तपकिरी अंग, आखूड शिंगं,
आणि कुत्र्यासारखं भुंकणं.
बिबट्याची चाहूल लागली,
की ते भुंकून सगळं रान सावध करतं.

पण हे भेकर कमी का होतंय?

पहिलं कारण, आसरा तुटतो.
रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे.
मालकाने लाकडासाठी डोंगर उघडा केला,
की भेकराला लपायला झुडूप उरत नाही.

दुसरं कारण, फासकी.
रानडुकरासाठी कुणी पायवाटेवर तारेची फासकी लावतं.
कधी ती दुचाकीच्या ब्रेकची तार असते.
डुकरासाठी लावलेल्या तारेत भेकराचा पाय अडकतो.

तिसरं कारण, वणवा.
भातशेतीसाठी राब भाजताना आग डोंगरात शिरते.
कोवळा पाला जळतो.
पाडसाची लपायची जागा जळते.

चौथं कारण, मोकाट कुत्री.
ती पाडसामागे लागतात.

भेकराची मादी बहुधा एका वेळी एकच पाडस देते.
म्हणून ही घट लवकर भरून येत नाही.

श्रोतेहो, पुन्हा सांगते.
तुटलेला आसरा, फासकी, वणवा आणि मोकाट कुत्री.
ही चारही कारणं माणसाने निर्माण केली आहेत.
ती थांबवणंही आपल्याच हाती आहे.

राब भाजण्याआधी कडेचा पालापाचोळा झाडून घ्या.
आग विझेपर्यंत तिथेच थांबा.
आणि फासकी दिसली,
तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.
एक, नऊ, दोन, सहा.