आधी टाकीत उतरा



या परिषदेचे अध्यक्षपद देऊन आपण माझा सन्मान केलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. या जागेवरून पूर्वी बोललेल्यांपैकी दोघे माझे गुरू होते. त्यांचे स्मरण करून विषयाकडे वळतो.

स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकीतील संगणकीय प्रवाहगतिकीचा, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत सीएफडीचा, मी आढावा घ्यावा अशी संयोजकांची इच्छा आहे. नाव्हिए यांनी 1822 मध्ये आणि स्टोक्स यांनी 1845 मध्ये मांडलेली प्रवाहाची समीकरणे आजही तीच आहेत. बदलली ती सोडवण्याची साधने. 1972 मध्ये स्पाल्डिंग यांच्यासह 'सिंपल' पद्धत मांडणारे सुहास पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या 1980 च्या पुस्तकाचे बोट धरून माझी पिढी या विषयात शिरली. 1974 मध्ये लाँडर आणि स्पाल्डिंग यांनी के-एप्सिलॉन या टर्ब्युलन्स मॉडेलचे पाच स्थिरांक दिले. 1981 मध्ये हर्ट आणि निकोल्स यांनी पाण्याचा मोकळा पृष्ठभाग गणितात पकडण्याची रीत दिली. सांडव्यावरचे पाणी, पुलाच्या खांबाभोवतीची धूप, शुद्धीकरण केंद्रातल्या टाक्या, उंच इमारतींमधला वारा, चिमणीचा धूर हे सारे आपल्या आवाक्यात आले. ज्या गणितासाठी आम्ही संगणक केंद्राबाहेर रांग लावत होतो, ते आज विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत करतो. या प्रगतीचा मला अभिमान आहे.

आढावा मात्र इथेच थांबवतो. गेली अनेक वर्षे एक गोष्ट मनात साठली आहे आणि ती आज बोललो नाही तर पुन्हा संधी मिळणार नाही. मित्रहो, आपण मोजणे सोडले आहे.

या परिषदेसाठी आलेले निबंध मी गेले काही आठवडे वाचत होतो. गणिताची जाळी बारीक आहे, चित्रे सुबक आहेत, भाषा सफाईदार आहे. पण 'पडताळणी' या मथळ्याखाली बहुतेकांनी काय दिले आहे? परदेशातल्या प्रयोगशाळेत कोणीतरी काचेच्या चॅनेलमध्ये घेतलेल्या जुन्या नोंदी. धरण आपले, नाला आपला, गाव आपले आणि आकडे परक्या चॅनेलचे! त्या चॅनेलशी आलेख जुळला म्हणून आपल्या नाल्याचे उत्तर बरोबर कसे ठरते, हे मला कोणी समजावून सांगावे.

काल दुपारच्या सत्रात कोणते टर्ब्युलन्स मॉडेल श्रेष्ठ यावर दीड तास वाद झाला. दोन्ही बाजूंनी तयारीचे लोक होते. मी गप्प बसलो होतो. आज उत्तर देतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहान नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातली क्लोरीनची संपर्क टाकी माझ्याकडे अभ्यासाला आली. टाकी 120 घनमीटरची, प्रवाह मिनिटाला 4 घनमीटर, म्हणजे सरासरी मुक्काम 30 मिनिटांचा. पण सरासरीने जंतू मरत नाहीत. जे पाणी सर्वांत घाईने बाहेर पडते त्याला क्लोरीनचा सहवास किती मिळाला, यावर गावाचे आरोग्य ठरते. म्हणून पहिले दहा टक्के पाणी किती वेळात बाहेर येते ते आम्ही पाहतो. नकाशात चार आडभिंती होत्या. मी तीन वेगवेगळी टर्ब्युलन्स मॉडेल वापरली. उत्तरे आली 17, 19 आणि 20 मिनिटे. या तिन्हींत खरे कोणते, यावर मी सहकाऱ्यांशी आठवडाभर भांडलो आणि 19 मिनिटांचा अहवाल पाठवून दिला.

पुढे केंद्रावरच्या रसायनतज्ज्ञ बाईंचा निरोप आला, की टाकीतून निघणाऱ्या पाण्याच्या तपासण्या नीट येत नाहीत. मग मी गेलो. मिठाचे दाट पाणी तोंडाशी ओतले आणि बाहेरच्या टोकाला दर मिनिटाला पाण्याची विद्युतवाहकता मोजत बसलो. पहिले दहा टक्के मीठ सातव्या मिनिटाला बाहेर आले. यंत्र बिघडले असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. पुन्हा सात. टाकी रिकामी करून आत उतरलो, तेव्हा दुसरी आडभिंत तळाशी दोन मीटर ढासळलेली दिसली. वरून पाणी संथ आणि खालून सरळ वाट. माझ्या संगणकात ती भिंत शाबूत होती, कारण नकाशात ती शाबूत होती.

तीन मॉडेलांमधला फरक तीन मिनिटांचा. पडलेल्या भिंतीचा फरक बारा मिनिटांचा. मी भांडलो तीन मिनिटांसाठी. कालच्या वादाला माझे एवढेच उत्तर आहे.

दुसरा वाद जुना आहे: प्रतिकृती की संगणक? 1916 मध्ये मुंबई इलाख्याने सुरू केलेल्या कामातून खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र वाढले. नद्या-धरणांच्या प्रतिकृती बांधून मोजण्याची शिस्त या देशाला तिथून मिळाली. आज तरुण म्हणतात, प्रतिकृती आता मोडीत काढा. जुने म्हणतात, संगणकावर विश्वास ठेवू नका. दोघांनाही एक प्रसंग सांगतो.

एका धरणाच्या सांडव्याखाली पाण्याचा जोर मोडणारे कुंड दर पावसाळ्यात झिजत होते. 1:50 प्रमाणाची प्रतिकृती केली, जिच्यात नदीतले सात तास जेमतेम एका तासात सरतात. तिने सांगितले, कुंड ठीक आहे. प्रतिकृतीत पृष्ठताण लहान होत नाही, त्यामुळे पाण्यात मिसळणारी हवा बरोबर उतरत नाही. म्हणून आम्ही संगणकावरही गणित केले. त्यानेही सांगितले, कुंड ठीक आहे. काँक्रीट मात्र झिजतच राहिले. शेवटी दिवाळीनंतर मी धरणावर गेलो आणि दरवाजे चालवणाऱ्या वयस्कर कामगाराजवळ बसलो. तो म्हणाला, "साहेब, कडेच्या दरवाजांची मोटर अडते. म्हणून मधला आधी उघडतो. पहिले पाच-सहा तास तो एकटाच वाहतो."

एकच वक्र दरवाजा वाहिला की कुंडात दोन्ही कडांनी पाणी उलटे फिरते. ते नदीपात्रातले दगड आत ओढते आणि ते दगड जात्यासारखे काँक्रीटवर फिरत राहतात. प्रतिकृतीत आम्ही सगळे दरवाजे सारखे उघडले होते. संगणकातही सारखेच. दोष साधनांचा नव्हता, प्रश्नच चुकीचा विचारला होता. ज्या माणसाला उत्तर ठाऊक होते, त्याला इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते.

तरीही मी विद्यार्थ्यांना दोष देणार नाही. एका पीएचडीच्या मौखिक परीक्षेत मी उमेदवाराला विचारले, "ही नदी आपण पाहिली आहे का?" त्याने मान खाली घातली. पात्राच्या खडबडीतपणाचा मॅनिंगचा गुणांक त्याने उगमापासून संगमापर्यंत 0.035 धरला होता. हा आकडा 0.030 चा 0.040 झाला, तर त्याच पातळीला नदीतून पाऊण पट पाणी जाते. पुराची लाल रेषा कोणाच्या अंगणातून जाईल ते अशा आकड्यांवर ठरते. पण त्या मुलाने काय करावे? त्याच्या प्रकल्पाला सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी पैसे मिळाले आणि प्रवासखर्च कापला गेला. नदीकाठी घालवलेल्या चार महिन्यांना आपल्या व्यवस्थेत गुण नाहीत. हे नियम आपणच केले आहेत. समित्यांवर आपणच बसतो. याउलट, सांगलीत आयर्विन पुलापाशी नदीची पातळी 40 फूट झाली की इशारा आणि 45 फूट झाली की धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. नदीकाठचा माणूस मोजमापावर जगतो आणि नदीवर संशोधन करणारा मोजमापाशिवाय पदवी मिळवतो, याची मला लाज वाटते.

चूक मान्य करण्याबद्दलही बोलले पाहिजे. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी हवामानाच्या अंदाजाचे पहिले मोठे गणित हाताने केले आणि 1922 मध्ये छापले. सहा तासांत हवेचा दाब 145 मिलिबार वाढेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. त्यांचे गणित मुळात बरोबर होते. सुरुवातीला घातलेले वारे आणि दाब यांचा मेळ नव्हता, हे पुढे सिद्ध झाले. त्यांनी ते अपयश दडवले नाही. माझा 19 मिनिटांचा अहवाल चुकला, हे मी मात्र आज प्रथमच जाहीरपणे सांगतो आहे. एवढा उशीर करायला नको होता.

पुढच्या कामांबद्दल थोडे. परिषदेने प्रत्यक्ष मोजणीच्या नोंदींचे एक सामायिक दप्तर उभारावे. त्याचा आराखडा कार्यकारिणी करील. निबंध स्वीकारताना स्थळावरची किमान एक मोजणी असावी, असा नियम व्हावा. न जुळलेल्या गणितांसाठी वेगळे सत्र असावे. तपशील तरुणांनी ठरवावेत.

त्या नगरपालिकेने आडभिंत बांधून घेतली. गवंड्यांना चार दिवस लागले. मी पुन्हा मीठ ओतले आणि मोजत बसलो. पहिले दहा टक्के मीठ अठराव्या मिनिटाला बाहेर आले. माझे गणित 19 सांगत होते. गणित तेच होते, टाकी आता नकाशासारखी झाली होती.

या सभागृहातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माझी विनंती आहे: येत्या पावसाळ्यात जाळी विणायला बसण्याआधी आपल्या नदीवर, आपल्या टाकीत, आपल्या धरणावर जा. तिथल्या माणसाला विचारा आणि स्वतःच्या हाताने मोजा. आणि मार्गदर्शकांनो, त्यांना जाऊ द्या.